पाठीवरचे तळहात

"दिवसभर 'फुंका, फुंका' म्हणून माझा घसा बसतो, आणि घरी गेलं की नवरा विचारतो, आज एवढी गप्प का?" यंत्राच्या नळीला पुठ्ठ्याचं नवं तोंड बसवता बसवता त्या बाई कुणालाच उद्देशून नाही अशा पुटपुटल्या. दार अर्धं उघडं होतं आणि बाक दाराला खेटून, त्यामुळे ते पुटपुटणं थेट आईच्या कानात पडलं. तिला हसू आलं. निदान विचारणारा नवरा आहे घरी, असंही मनात आलं, आणि ते मनात आलं म्हणून हसू तिथल्या तिथे मिटलं. बाकावरची मुलं त्या बाईंना आपापसात फुंकणीबाई म्हणत होती. सैनिकी अकादमीची लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, मुलाखत झाली, आता उरली होती ही एक खोली. दारावर कागद चिकटवला होता, 'दम्याचा पूर्वेतिहास असलेले उमेदवार', ठळक अक्षरांत, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा असा. आईने सकाळपासून त्या कागदाकडे पाठ करून बसायची कसरत चालवली होती. त्यांच्या घरात तो शब्द उच्चारायची पद्धत नव्हती.

"चला, पुढे कोण?" फुंकणीबाईंनी विचारलं आणि आईच्या शेजारी बसलेली तिची मुलगी उठली. उंच, काटक, केस कानापर्यंत कापलेले. "बॅग बाहेरच राहू दे. घाम पुसायला काही असेल तर तेवढं आत घ्या."

"टॉवेल आहे ना," म्हणत आईने मुलीच्या आधी बॅगेत हात घातला. टॉवेल ओढला, तशी त्याच्या घडीतून एक निळी वस्तू निसटली, फरशीवर टक् करून आपटली, एक उडी मारून फुंकणीबाईंच्या बुटाला लागून थांबली. पंप. श्वास कोंडला की तोंडाला लावून दाबायचा, तो. बाकावरची सगळी पोरं त्याला जन्मापासून ओळखत होती. भर रस्त्यात कुणाच्या पिशवीतून आतले कपडे पडावेत आणि सभ्य माणसांनी न बघितल्यासारखं करावं, तसं प्रत्येकजण आपापल्या पायांकडे बघत राहिला.

फुंकणीबाईंनी वाकून तो उचलला, चष्मा कपाळावर चढवून त्याचा तळ वाचला. "नवा आहे की. तारीख पुढच्या वर्षाची."

"माझा नाही तो," मुलगी म्हणाली.

"मग?"

मुलगी आईकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, राग ओळखीचा होता. ती बघत होती ते बऱ्याच दिवसांनी एखादं कोडं सुटल्यासारखं. सकाळी बॅग तिने स्वतः भरली होती. बाजूचा कप्पा आईच्या डोळ्यांदेखत उलटा करून झटकला होता. त्यातून पडलेला पंप एक शब्द न बोलता स्वयंपाकघरातल्या खणात नेऊन ठेवला होता. आणि मग ती दात घासायला गेली होती.

"असू दे म्हणून ठेवते मी," आई म्हणाली. "लागत नाही हो तिला. नुसता आपला असू दे म्हणून."

"अहो, इथे असू दे चालत नाही," फुंकणीबाई म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "औषध चालू म्हणजे आजार चालू, असं धरतात. मला सरांना सांगावं लागणार. मी पाहिलंच नाही म्हणायला मला डोळे दोन आहेत आणि नोकरी एकच."

"सांगा," मुलगी म्हणाली. "पण आधी चाचणी करा. मी काही घेतलेलं नाही. करा तुम्ही."

दार लागलं. टॉवेल आईच्या मांडीवरच राहिला.

'माझा आहे' म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, माझा आहे, मला त्रास होतो. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कसला ना कसला त्रास असतोच, कुणी पुरावा मागितला नसता. पण तोंडातून गेलं ते 'असू दे'. आईने टॉवेलची घडी पुन्हा घातली, मग मोडली, मग पुन्हा घातली. हातांना सवय असते. ती शाळेच्या गणवेशांच्या दुकानात मापं घ्यायची आणि उसवायची-शिवायची कामं करायची. तिथेही हात आधी जायचे आणि डोकं मागून यायचं. पोरगं समोर उभं राहिलं की टेप त्याच्या काखेतून फिरून पुढे आलेली असे, आणि तिचं तोंड म्हणत असे, श्वास सोड राजा, छाती काय फुगवतोस, लढाईला जायचंय का? आया हसायच्या. हा तिचा ठरलेला विनोद होता. मुलीने अकादमीचा अर्ज भरल्यापासून तिने तो विनोद बंद केला होता. सकाळी पंप टॉवेलात गेला तो असाच, हाताने गेला, असं ती स्वतःला समजावत होती. पण हात टॉवेलाच्या मधल्या घडीपर्यंत कसा गेला? सवयीची जागा तर बाजूचा कप्पा होती. सवयीने ठेवलेली वस्तू माणूस लपवत नाही. हा विचार आला तशी तिने तो तिथेच सोडून दिला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर फुप्फुसांचं चित्र होतं, गुलाबी, फांद्याफांद्यांचं, उलट्या झाडासारखं. लहानपणी मुलीला डॉक्टरांकडे असंच चित्र दाखवलं, तेव्हा ती म्हणाली होती, माझ्या झाडात शिट्टी कोण वाजवतं?

तिच्या बाबांना ते इतकं आवडलं की तिचं नावच शिट्टी पडलं. बाबांना नावं ठेवायची हौस होती आणि नावं ठेवली की गोष्टी सोप्या होतात अशी समजूत होती. आजाराचं नावही त्यांनीच ठेवलं होतं, पाहुणा. हवा बदलली की म्हणायचे, आज पाहुणा येणार बघ. झटका ओसरला की म्हणायचे, गेला बुवा पाहुणा, चहा टाका. खरं नाव घेतलं तर तो मुक्कामालाच येईल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. एरवी हा माणूस कशावरही विश्वास न ठेवणारा. नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाई, सगळ्यांना तोच शब्द ऐकवायचे, आणि शेवटी सगळेच विचारू लागले, काय, पाहुणा कसा आहे? आईला तेव्हा तो शब्द पोरकट वाटायचा. आता इतक्या वर्षांनी, या बाकावर, त्या कागदाकडे पाठ करून बसल्यावर तिला वाटलं, पोरकट नव्हता, फसवा होता. पाहुणा म्हटलं की वाट बघायची सोय होते.

आतून फुंकणीबाईंचा आवाज आला. "नाकाला चिमटा लावा. ओठ घट्ट. खोल घ्या, आणखी खोल, आणि फुंका! फुंका फुंका फुंका फुंका, थांबू नका, संपवा, संपवा, तळ खरवडा!" आणि मग एक लांब, कोरडा, चिकट नसलेला श्वास. आईच्या कानांना तो श्वास आरपार कळला. त्यात कुठेही घरघर नव्हती.

"हे नुसतं सुरुवातीचं," शेजारचे मिशीवाले गृहस्थ म्हणाले. त्यांचा मुलगा मघाशीच चाचणी देऊन पलीकडच्या खोलीत आडवा झाला होता. "आता औषधाची वाफ देतील. आत आजार दडून बसलेला असला तर त्या वाफेने छाती आवळते. नसला तर काही होत नाही. दर खेपेला वाफ कडक करत नेतात. आहे की नाही मजा? घरात चोर आहे का बघायला दागिने मांडायचे आणि दार उघडं टाकायचं."

"तुमच्या मुलाचं काय झालं?"

"आमचा पहिल्याच वाफेला पडला." त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मला माहीत होतं हो. झोपेत वाजतो तो, भिंतीपलीकडून ऐकू येतं मला. पण म्हटलं, एक दिवस फुप्फुसं गप्प बसली तर बसली." मग टॉवेलाकडे बघत म्हणाले, "तुमची मुलगी दमदार आहे. राग मानू नका, पण शत्रूकडे नसेल एवढा दारूगोळा तुम्ही तिच्या बॅगेत भरलात."

आईने राग मानला नाही. असं तोंडावर बोलणारी माणसं तिला आवडायची, तिच्या घरात कुणीच तसं नव्हतं. त्यांच्या घरात सगळं बाजूने बोललं जायचं. ती आणि तिचा नवरा, दोघं एकमेकांशी बोलायचे ते मुलीला मध्ये घालून, शिट्टे, बाबांना सांग जेवण झालंय, शिट्टे, आईला विचार माझा निळा शर्ट कुठंय. भांडण कधी झालं नाही. भांडायलाही समोरासमोर उभं राहावं लागतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत दोघांना कळून चुकलं होतं की आपल्याला एकमेकांत फारसं काही सापडत नाही, आणि दोघंही इतके सभ्य होते की त्यांनी ते एकमेकांना कळू दिलं नाही. फक्त पाहुणा आला की घर बदलायचं. उजाडायच्या जरा आधी मुलगी उठून बसायची, खांदे कानाला भिडलेले, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय, तोंड मासोळीसारखं. मग आई पाणी तापवायची, बाबा खिडकी उघडायचे, उशा रचायचे, पंप हलवून द्यायचे, आणि दोघं तिच्या दोन बाजूंना बसून तिच्या पाठीवर हात ठेवायचे. केवढीशी पाठ ती. दोन मोठ्या माणसांचे दोन तळहात तिच्यावर मावायचे नाहीत, एकमेकांवर चढायचे. एरवी त्या दोघांचे हात मिठाची बरणी देता-घेतानाही लागत नसत. इथे आईच्या बोटांवर त्यांची बोटं तासन् तास राहायची, आणि कुणी ती काढून घ्यायचं नाही, कारण काढली असती तर त्यात काहीतरी होतं असं झालं असतं. बाबा तेव्हा हळू आवाजात गोष्टी सांगायचे. नवलाच्या गोष्टी, त्यांच्या लहानपणीच्या, ज्या त्यांनी बायकोला कधी सांगितल्या नव्हत्या. आई पलीकडच्या बाजूने ऐकायची, मुलीच्या पाठीआडून, जशी एखादी बाई शेजारच्या घरातला रेडिओ ऐकते. बाहेर उजेड यायचा. तिचा संसार झाला तो त्या पाठीवर. बाकीचं सगळं घरकाम होतं.

आणि मुलीला ते कळत होतं. हे आईला कधी उमगलं? एकदा झटका ओसरला होता, आईच्या तळहाताला तो ओसरलेला कळला होता, शिट्टी थांबली होती, बरगड्या सैल पडल्या होत्या. आणि तरी ती खोकली. एकदा, मग दुसऱ्यांदा, थोडं जास्तच जोर लावून. खोकताना तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून आधी बाबांकडे बघितलं, मग आईकडे. उठायला निघालेले बाबा पुन्हा बसले. हात पुन्हा आईच्या हातावर आला. आईला कळलं की हा खोकला छातीतून आलेला नाही. तिने काय करायला हवं होतं? पोरीला थोपटून म्हणायला हवं होतं, झोप आता, गेलं सगळं. ती म्हणाली, "अजून लागतोय का गं दम? थांब हं." आणि पोरगी खोकली.

दाराआड वाफेचं यंत्र घरघरायला लागलं. "साधा श्वास घ्या. घाई नको. आता चिमटा. फुंका फुंका फुंका!" आई पुढे सरकून बसली. ती काय ऐकते आहे हे तिला कळत होतं. ती शिट्टी शोधत होती. श्वासाच्या शेवटाला येणारं ते बारीक, ताणलेलं, मांजरीच्या पिल्लासारखं. पहिल्या वाफेला नाही. दुसरीला नाही. फुंकणीबाईंच्या आवाजात आता जरा कौतुक आलं होतं, "वा. घ्या, पाणी नका पिऊ आत्ता." यंत्र पुन्हा घरघरलं, वाफ आणखी कडक झाली असणार, आणि एकाएकी कुणीतरी खोकलं. ओला, खोल, छाती उसवणारा खोकला. आईच्या आत काहीतरी लख्ख उजळलं. कपाळापासून पोटापर्यंत एक ऊब गेली. हात आपोआप उघडले, तळहात वर झाले. तेवढ्यात आतून फुंकणीबाईंचा आवाज आला, "माफ करा हं, ही मेली वाफ माझ्याच घशात जाते. तुम्ही चालू ठेवा, तुम्हाला काही होत नाहीये."

उघडलेले हात आईने मांडीवर तसेच ठेवले. मिटायचे म्हटले तरी मिटेनात. मिशीवाल्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं असावं, कारण ते उठले आणि मुलाला बघून येतो म्हणून गेले.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली आणि पाहुणा यायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचा असा जातो, वाढता वाढता, आनंद माना. त्यांनी आनंद मानला. बाबांनी पेढे नाहीत पण पुस्तकं आणली. मुलगी पळायला लागली, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग मैदानाला फेऱ्या, आणि आई खिडकीतून बघत राहायची, आत्ता बसेल, आत्ता वाकेल गुडघ्यांवर. ती वाकायची नाही. त्याच वर्षी बाबांनी दुसऱ्या गावची नेमणूक मागून घेतली. काही महिन्यांपुरती, म्हणाले. कामाचा व्याप आहे, म्हणाले. मग काही महिन्यांची सवय झाली. रविवारी फोन यायचा. "पाहुणा?" "नाही." "छान." एवढ्यावर फोन मुलीच्या हातात जायचा. आईला वाटायचं, यांना नाही ऐकून हलकं वाटतं की नाही ऐकून सुटल्यासारखं वाटतं? त्यांच्यासाठी दोन्ही एकच. तिच्यासाठी दोन्ही एकच नव्हतं. आणि मग तो एक रविवार. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. फोनवर नेहमीचा प्रश्न आला, आणि आईच्या तोंडून उत्तर गेलं, "आलाय." आधी तोंड, मागून डोकं. "आलाय, कालपासून. जोरात आहे." पलीकडून आलं, "मी निघतो." ते पहाटेच्या बसने पोचले. आईने मुलीला उठवून सांगितलं होतं, बाबा येतायत, तू जरा पडून राहा, पांघरूण घे. का, असं मुलीने विचारलं नाही. हेच ते. ओरडली असती, हसली असती, मला काय झालंय असं म्हणाली असती तर सगळं तिथंच मोडून पडलं असतं. तिने पांघरूण घेतलं. आणि दाराशी बाबांचे बूट वाजले, तशी ती खोकली.

बाबा तिच्याशेजारी बसले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. आईने दुसऱ्या बाजूने ठेवला. पाठ आता मोठी झाली होती. दोन्ही तळहात तिच्यावर सुटे सुटे मावत होते, मध्ये बोटभर जागा राहत होती. बाबांचा हात थोडा वेळ ऐकत राहिला. हातही ऐकतो. मग त्यांनी तो उचलला, अगदी सावकाश, जशी झोपलेल्या माणसाच्या अंगावरून माशी उडवावी. "बरं वाटेल हं, शिट्टे," ते म्हणाले. चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि पुढच्या बसने परत गेले. त्यानंतर रविवारच्या फोनवर तो प्रश्न आला नाही. त्या सकाळबद्दल कुणीच कधी बोललं नाही, नवरा बायकोशी नाही, आई मुलीशी नाही. पण आई दर वर्षी औषधाच्या दुकानात जाऊन नवा पंप आणत राहिली. जुन्याची तारीख संपायच्या आत. मुलगी तो बॅगेतून काढून खणात ठेवायची, आई खणातून काढून बॅगेत ठेवायची, आणि दोघी एकमेकींना विचारायच्या, भाजी काय करायची. असं किती चाललं असतं? मुलीने अकादमीचा अर्ज भरला नसता, तर एका घरात दोन बायकांनी म्हाताऱ्या होईपर्यंत एक निळा पंप इकडून तिकडे नेला असता.

अर्ज भरल्यावर घरी छाती मोजायचा कार्यक्रम झाला. श्वास भरून छाती किती फुगते ते त्यांना लागतं. "तू मोज, तुझा हात बसलाय," मुलगी म्हणाली होती. आईने टेप फिरवली. मुलीने श्वास भरला, आणि टेप आईच्या बोटांतून पुढे सरकत गेली, सरकतच गेली, आईला बोटं सैल करावीच लागली. तिने आकडा सांगितला तो खरा नव्हता. थोडासाच कमी. पोरांच्या शर्टाला वाढत्या अंगाची शिवण आत सोडावी, तेवढाच. मुलीने मान खाली घालून टेपेकडे बघितलं, मग आईकडे, आणि म्हणाली, "बरं. मेहनत वाढवते."

दार उघडलं. मुलगी कपाळ मनगटाने पुसत बाहेर आली. नाकावर चिमट्याचा वळ होता. आईने टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"शेवटच्या वाफेपर्यंत गेली पोरगी," फुंकणीबाई म्हणाल्या. "आकडा ढळला नाही. महिनाभरात मी अशी छाती बघितली नाही." मग आवाज खाली आला. "सरांनी दोघींना बोलावलंय. तो पंप त्यांच्या टेबलावर आहे."

डॉक्टर तरुण होते, गणवेशातले, दाढी इतकी गुळगुळीत की दुखत असेल. टेबलावर काही नव्हतं, फक्त तो पंप, मधोमध, पेपरवेट ठेवावा तसा. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं. मुलगी उभी राहिली. आई बसली.

"फुप्फुसं उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्याबद्दल मला शंका नाही. पण यंत्राला आजचं कळतं, काल घरी काय झालं ते कळत नाही. नियम असा आहे की वयाच्या तेराव्या वर्षानंतर झटका नको आणि औषध नको. औषध जवळ बाळगलं तर ते का, हे मला विचारावं लागतं. तुमचा शेरा मी आज लिहिणार. तो वाईट गेला तर पुढच्या वर्षी वय निघून गेलेलं असेल, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे, सर," मुलगी म्हणाली.

"मग सांगा. हा कुणाचा?"

खोलीत पंखा फिरत होता. आईला वाटलं, आता हे वाक्य उशिरा आलंय, पण आलंय. आधी डोकं, मागून तोंड, आयुष्यात एकदा तरी. "माझा आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी भुवया वर केल्या. "बाहेर तुम्ही वेगळं म्हणालात."

"घाबरले मी. सगळ्यांसमोर. मला त्रास होतो अधूनमधून. मुलीला कळू नये म्हणून तिच्या बॅगेत..." वाक्य कुठे जातंय ते तिला कळेना.

"तुम्हाला त्रास होतो." डॉक्टरांनी पंप बोटाने तिच्याकडे ढकलला. "मग घेऊन दाखवा. रोजचं माणूस कसं घेतं ते मला कळतं."

हे सोपं होतं. हे तिच्या हातांना येत होतं. तिने टोपण काढलं, पंप हलवला, श्वास पुरता सोडला, ओठ घट्ट लावले, दाबलं, ओढलं, धरून ठेवलं. लहान मुलीला शिकवावं तसं, डोळ्यांनी मोजत. डॉक्टर मान हलवायला लागले होते. त्यांनी पेनाकडे हात नेला. सगळं झालं होतं. आणि तिने श्वास सोडला तर घशात ते कडू धूळ धूळ औषध खवखवलं आणि ती खोकली. वाकली. डोळ्यांत पाणी आलं. खोकला खराच होता.

मागून एक हात आला. तिच्या पाठीवर टेकला. मोठा, कोरडा, गरम, सरावाचा दोर ओढून ओढून घट्टे पडलेला तळहात. दोन खांद्यांच्या मध्ये, नेमका जिथे ठेवायचा असतो तिथे. "सावकाश," मुलगी म्हणाली. "सावकाश, आई. नाकाने घे." किती वर्षांत या पाठीवर कुणाचा हात आला नव्हता. आईने डोळे मिटले. खवखव थांबली होती. घसा मोकळा झाला होता. आता सरळ बसायचं, डोळे पुसायचे, डॉक्टर लिहितील, आणि मुलगी जाईल. हात उचलला जाईल आणि जाईल.

ती खोकली. एकदा. मग दुसऱ्यांदा, थोडं जास्तच जोर लावून.

पाठीवरचा तळहात थबकला. ऐकत राहिला. मग उचलला गेला, अगदी सावकाश, आणि त्या सावकाशपणात आईला मुलीचे बाबा ओळखू आले. तिने वर बघितलं. मुलगी तिच्याकडे बघत नव्हती. टाचा जुळवून, हात बाजूला सरळ ठेवून ती डॉक्टरांसमोर उभी होती.

"सर, पंप आईचा नाही. माझाही नाही," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, त्यात कुठेही शिट्टी नव्हती. "मला दमा होता. तो गेला. आईला तो जायला नको होता."